जुन्या लढाऊ विमानांचे अपघात : क्लिप बघावी, रिॲक्शन व्हिडिओ बघावा की अहवाल वाचावा?

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं वेड असलेल्या माणसापुढे डॅलसची क्लिप कधी ना कधी येतेच. १२ नोव्हेंबर २०२२, टेक्सासमधला एअर शो. 'टेक्सास रेडर्स' हे बी-१७ बॉम्बर सरळ चाललेलं असतं. मागून डावीकडे वळत आलेलं पी-६३ किंगकोब्रा हे लढाऊ विमान त्याच्या पंखामागे धडकतं. दोन्ही विमानांतली मिळून सहा माणसं गेली.

अशी क्लिप समोर आली की तीन वाटा असतात. ती पुन्हा पुन्हा बघायची, कुणाचा तरी रिॲक्शन व्हिडिओ लावायचा (किंवा स्वतः करायचा), नाहीतर तपास अहवाल उघडायचा. माझं मत आधीच सांगतो : अहवाल आधी, क्लिप त्यानंतर, तीही गरज असेल तेवढीच. रिॲक्शन व्हिडिओ मात्र फार निवडून.

क्लिपची मोठी अडचण अशी की ती पाहताक्षणी आपण निकाल देऊन मोकळे होतो. डॅलसच्या क्लिपमध्ये बॉम्बर सरळ जातंय आणि लढाऊ विमान वळतंय, म्हणजे चूक लढाऊ विमानाच्या वैमानिकाची, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने काढलेलं चित्र वेगळं आहे. एअर शोमध्ये कोणतं विमान केव्हा आणि कुठून न्यायचं हे रेडिओवरून सांगणारा एक 'एअर बॉस' असतो. त्याने लढाऊ विमानांना बॉम्बर विमानांच्या पुढून जायला सांगितलं होतं. प्रेक्षकांच्या रेषेपासून लढाऊ विमानांनी ५०० फुटांवर यायचं, बॉम्बर १००० फुटांवर राहणार. पण कुणी किती उंचीवर उडायचं हे ना उड्डाणाआधीच्या बैठकीत ठरलं होतं, ना हवेत सांगितलं गेलं. वळणात कललेल्या पी-६३ मधून बॉम्बर दिसायला विमानाचाच सांगाडा आड येत होता. विमानं एकमेकांपासून दूर ठेवण्याची पुरेशी योजनाच आधी आखलेली नव्हती, असं अंतिम अहवाल म्हणतो. हे क्लिपमध्ये दिसणं शक्यच नाही. ज्याला आपण पहिल्या दहा सेकंदांत दोषी ठरवलं, त्याला उत्तर द्यायला तो जिवंत नाही, हे मला फार लागतं.

इंग्लंडमधल्या शोरहॅमची गोष्ट उलटी. २२ ऑगस्ट २०१५ रोजी तिथे हॉकर हंटर कोसळलं. हंटर आपल्यालाही जवळचं, १९७१ साली लोंगेवालात पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडलेली आपली विमानं याच जातीची. शोरहॅमच्या क्लिपमध्ये उभ्या गिरकीचा (लूपचा) वरचा अर्धा भाग बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात विमान माथ्यावर सुमारे २,७०० फुटांवरच होतं आणि किमान ३,५०० फूट हवे होते. वेगही कमी होता, इंजिनाचा जोरही पूर्ण लावलेला नव्हता. खालून बघणाऱ्याला आकाशातले ८०० फूट कसे कळणार? विमान ए-२७ या महामार्गावर पडलं आणि तिथले अकरा जण गेले. वैमानिक वाचला. २०१९ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं, तर २०२२ मध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने हे मृत्यू बेकायदेशीर ठरवले. इतका तपास होऊनही दोन ठिकाणी दोन उत्तरं निघाली, तिथे अपघाताच्या संध्याकाळी निकाल देणारा व्हिडिओ कितपत धरायचा?

चित्रांचा उपयोगच नाही, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या रीनोच्या विमान शर्यतीत १६ सप्टेंबर २०११ रोजी 'गॅलपिंग घोस्ट' हे पी-५१ मस्टँग प्रेक्षकांजवळ कोसळलं आणि वैमानिक धरून अकरा जण गेले. प्रेक्षकांच्या फोटोंत शेपटीवरचा छोटा ट्रिम टॅब (विमानाचा तोल साधायला मदत करणारी हलती पट्टी) तुटलेला दिसला. तिथून तपास झिजलेल्या लॉकनटांपर्यंत, म्हणजे आपोआप सैल न होणाऱ्या नटांपर्यंत, पोचला. ते एकदाच वापरायचे असतात, इथे पुन्हा वापरले होते. कामाला आले ते विमान आदळण्याआधीचे फोटो. शोरहॅमच्या तपासातही कॉकपिटमधल्या कॅमेऱ्यांचा उपयोग झाला. फिरणाऱ्या क्लिपा मात्र स्फोटापासून मागेपुढे कापलेल्या असतात, म्हणजे ज्यातून काही शिकता येईल तेच त्यातून गेलेलं असतं.

रिॲक्शन व्हिडिओ निवडताना मी दोन गोष्टी बघतो. प्राथमिक अहवालानंतरचा आहे का? डॅलसचा तो ३० नोव्हेंबरलाच आला होता, म्हणजे तीन आठवडे थांबणं काही अवघड नव्हतं. आणि धडक न दाखवता तो समजतो का? अनुभवी वैमानिक नकाशा आणि रेडिओवरचे आदेश समोर ठेवून बोलत असेल तर जरूर बघा. इंग्रजी अहवालातली किचकट भाषा त्याच्यामुळे सोपी होते. थंबनेलवर आगीचा लोळ असेल तर पुढे जा. डॅलसच्या क्लिपा जगभर फिरल्या तेव्हा मृतांची नावंही जाहीर झाली नव्हती. तुम्ही स्वतः चॅनेल चालवत असाल तर क्लिप धडकेच्या आधी थांबवून तुमचं म्हणणं मांडता येतं का, ते बघा. येत नसेल तर तो व्हिडिओ करू नका.

अहवालाचे तोटेही आहेत. डॅलसचा अंतिम अहवाल यायला दोन वर्षं लागली, शोरहॅमचा दीड. पानं भरपूर, भाषा कोरडी. विमानवेड्या मुलाला ते थेट वाचायला देऊ नका. रीनोच्या शेपटीचा फोटो दाखवा आणि नट पुन्हा का वापरायचा नसतो यावर बोला.

एअर शोला गेलेले असताना असं काही तुमच्याच फोनमध्ये आलं, तर ते ग्रुपवर टाकू नका, न कापता तपास संस्थेकडे पाठवा. डॅलसच्या दोन्ही विमानांत फ्लाइट रेकॉर्डर नव्हते. एनटीएसबीने तेव्हा लोकांकडे फोटो आणि व्हिडिओ मागितले होते.