आठ पोर्टांचा स्विच आणि आमची लॅन

तीन महिन्यांपूर्वी मी आठ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच घेतला, म्हणजे काँप्युटर केबलने एकमेकांना जोडणारं यंत्र. पंजाएवढी पत्र्याची पेटी. आत पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. सेटिंग काहीच नाहीत. केबल खोचली, दिवा लागला, संपलं. एवढ्याशा वस्तूवर कोण लिहितं? पण मी तो ज्या कामासाठी घेतला, त्या कामाला तो कसा आहे हे कुणीच लिहिलेलं सापडेना. काम असं: जुन्या सात जणांनी एका खोलीत बसून, काँप्युटर आपसात जोडून (हीच लॅन), क्वेक थ्री आणि एज ऑफ एम्पायर्स टू हे जुने गेम खेळायचं.

आमची पहिली लॅन कोअ‍ॅक्स वायरची होती. एकच काळी वायर या काँप्युटरकडून त्या काँप्युटरकडे जायची, प्रत्येकाच्या पाठीमागे एक टी आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं बूच, टर्मिनेटर. कुणी उठताना पाय अडकला आणि वायर मध्येच सुटली की अख्खी खोली बंद. मग सगळे टॉर्च घेऊन टेबलाखाली. नंतर हब आला, सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी, १० एमबीपीएसची म्हणजे सेकंदाला १० मेगाबिटची. हब एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानावर घालतो. खेळ रंगात असताना कुणी गुपचूप सीडी कॉपी करायला लावली की कोलिजनचा, म्हणजे डेटाच्या टकरीचा, दिवा फडफडायचा आणि चोर लगेच पकडला जायचा. ७०० एमबीची सीडी जायला सगळं सुरळीत असलं तरी नऊ-दहा मिनिटं लागायची.

स्विचमध्ये ही भानगडच नाही. ज्याचा डेटा त्याच्याच पोर्टला जातो. मी मुद्दाम पाहिलं: दोन लॅपटॉपमध्ये मोठं फोल्डर कॉपी करायला लावलं आणि बाकीच्या पाच जणांना क्वेकमध्ये सोडलं. कुणाला पत्ताही लागला नाही. पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ती चाचणी) मारला तर एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर. वायफायवर हे जमत नाही. तिथे हवा सगळ्यांची सामाईक, एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. म्हणजे पुन्हा हबच. केबल ओढायचा कंटाळा करू नका.

मात्र निव्वळ खेळासाठी गिगाबिटची गरज नाही, हेही सांगते. एज ऑफ एम्पायर्स नेटवर्कवरून सैन्य पाठवत नाही, फक्त हुकूम पाठवतो. लढाई प्रत्येक काँप्युटर आपापली सोडवतो आणि सगळे एकमेकांसाठी थांबतात. फोन लाइनच्या २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर चालावा असा विचार करून तो बांधलेला आहे. सर्वांत मंद मशीन ज्याचं, त्याच्या चालीने सगळ्यांचं युद्ध चालतं. आठ जण, प्रत्येकी २०० ची पॉप्युलेशन (माणसं आणि सैन्य मिळून), आणि शेवटच्या तासात घोडे चिखलातून चालल्यासारखे. तेव्हा आम्ही वर्षानुवर्षं त्या हबला शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आता ज्याने आमचा पहिला पाऊण तास गेला ते. स्विच आयपी, म्हणजे काँप्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, देत नाही; तो राउटर देतो. घरच्या राउटरची इतकी सवय झालेली की सातही जण केबल लावून वाट बघत बसलो, आणि सगळ्यांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते मिळालेले, म्हणजे कुणीच पत्ता दिला नाही म्हणून काँप्युटरने स्वतःच घेतलेले. तेव्हा एक जण म्हणाला, "अरे, हाताने टाका ना, आपापले नंबर!" १९२.१६८.०, पुढे आपला जुना आकडा. मी ५. इतक्या वर्षांत एकदाही आठवला नव्हता, बोटांनी आपोआप टाइप केला. बाकीच्यांनीही न विचारता टाकले. फक्त ३ वर दोघांनी हक्क सांगितला आणि दोघांच्या स्क्रीनवर आयपी कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच पत्त्याचे दोघे असल्याचा इशारा, आला. दोघेही अगदी खात्रीने सांगत होते, "माझाच ३ होता." त्या वादात जे चेहरे झाले ना, ते थेट कॉलेजातले होते.

खेळ निवडताना आधी त्यात लॅन आहे का ते बघा. १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये एका डिस्कवर आठ जण खेळू शकत. २०१० मध्ये त्याचा दुसरा भाग आला तो लॅनशिवायच. क्वेक थ्रीचा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला, त्यामुळे त्यावर बनलेला आयओक्वेक३ आजच्या मशीनवर चालतो. आपल्या जुन्या सीडीवरची पॅक फाइल (खेळाचा डेटा) आणि पॅचच्या फाइल्स लागतात; त्या आधी उतरवून ठेवल्या की खेळताना इंटरनेट लागत नाही. जुन्या एज ऑफ एम्पायर्ससाठी विंडोजमधलं डायरेक्टप्ले (जुन्या खेळांना नेटवर्कसाठी लागणारा भाग) चालू करून घ्या.

आणि हेडफोन काढायला लावा. हे मी अगदी मनापासून सांगते. एजमध्ये चॅटला ११ टाइप केलं की हसण्याचा आवाज येतो. हेडफोनवर तो एक आवाज असतो. खोलीत तो सात स्पीकरमधून येतो, प्रत्येक किंचित मागेपुढे, आणि ज्याचं टाऊन सेंटर (मुख्य इमारत) नुकतंच पडलंय तो मधोमध बसलेला असतो. त्याची मान हळूच वळते, ११ कुणी टाकलं ते शोधायला. ऑनलाइन मी या लोकांशी अधूनमधून खेळते, पण ती मान मला दिसत नाही. मला तीच हवी होती.

स्विचच्या तक्रारी दोनच. अ‍ॅडॅप्टरची पिन सैल बसते, टेबल हललं की सगळे दिवे एकदम जातात. मी टेपने बांधून टाकली. दुसरं, दिवे आणि पोर्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे केबल लावल्यावर दिवे झाकले जातात. शिवाय आजच्या पातळ लॅपटॉपना नेटवर्कचं पोर्टच नसतं. सातांपैकी चौघांना यूएसबीचे अ‍ॅडॅप्टर लागले. ते आधीच मागवून ठेवा. क्रॉस केबल (आतल्या तारा उलट जोडलेली) मात्र आता शोधावी लागत नाही. सरळ-उलट हा स्विच स्वतः ओळखतो. आमच्या क्रॉस केबलला लाल टेप होती, ती अजून माझ्या खणात आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पिनेचा. पेटीच्या तळाला मी कागद चिकटवून सगळ्यांचे नंबर लिहून ठेवलेत. ३ च्या पुढे सध्या दोन नावं आहेत.