काथ्याची मॅट: नोव्हेंबर ते मे, एका सीझनचा अनुभव

दिवाळी झाल्या झाल्या आमच्या क्रिकेट क्लबने विकेटवर अंथरायची नवी काथ्याची मॅट घेतली. 66 फूट लांब, 8 फूट रुंद. मे महिन्यातला शेवटचा रविवार खेळून झाला, मॅट गुंडाळून आत गेली, म्हणून आता बसून लिहितोय. घेण्याआधी आम्ही बऱ्याच ठिकाणी चौकशी केली होती. किंमत सगळ्यांनी सांगितली, जाडी सांगितली, पण सीझनभर रविवारचे सामने खेळल्यावर ही मॅट कशी राहते हे कोणाकडून कळलं नाही. टर्फ, म्हणजे माती-गवताची कायमची विकेट, परवडत नाही आणि मैदान स्वतःचं नाही, अशा क्लबांनी हे जरूर वाचावं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कऱ्हाडच्या बाजूचं. मैदान सगळ्या गावाचं. पहाटे पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटर मारतात, संध्याकाळी शाळेची मुलं टेनिस बॉल खेळतात, यात्रेला तिथेच पाळणे लागतात. त्यामुळे सिमेंटची विकेट बांधून वर हिरवा गालिचा टाकायचा, हा मार्ग बंद. टर्फला रोजचं पाणी आणि पगारी माणूस लागतो, ते आमच्या आवाक्याबाहेरचं. राहिली मॅट. शनिवारी संध्याकाळी पसरायची, रविवारी संध्याकाळी गुंडाळायची. 22 जणांनी प्रत्येकी 1,200 रुपये वर्गणी काढली, 26,400 जमले. त्यात मॅट, ट्रान्सपोर्टचं भाडं आणि लोखंडी खिळे बसले.

मॅट केरळातून आली. अलप्पुळा भागात नारळाच्या सोडणापासून काथ्या काढून विणायचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तिथलाच माल. गोडाऊनमधून टेम्पोत चढवायला चौघे लागलो. उलगडली तेव्हा सोनेरी रंग, ओल्या सोडणाचा वास, आणि विण इतकी घट्ट की बोट आत जात नव्हतं. याआधी आमच्याकडे दुसऱ्या क्लबकडून घेतलेली तागाची जुनी मॅट होती, ठिगळांवर ठिगळं लावलेली. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक जण नव्या मॅटवरून हात फिरवत होता.

फक्त मैदानाची देखभाल करणारे आमचे तात्या लांब उभे होते. ते म्हणाले, "मॅट झ्याक हाय, पर खालचं बघितलंय का कुणी?"

तेव्हा आम्ही ते मनावर घेतलं नाही. आज सांगतो, या अख्ख्या अनुभवाचं सार त्या एका प्रश्नात होतं. बॉलला उसळी मॅट देत नाही, खालची जमीन देते. मॅट देते ती पकड. आम्ही पैसे मॅटवर घातले आणि खालची पट्टी तशीच ठेवली. पहिले चार रविवार एकाच टप्प्यावरून एक बॉल छातीला यायचा, दुसरा घोट्याला. नवी मॅट वाईट निघाली असं आम्हीच एकमेकांत बोलायला लागलो होतो.

डिसेंबरमधला एक सामना मी विसरू शकत नाही. आमचा ओपनर अकरावीतला मुलगा, हाताने सुरेख. मध्यमगती बॉलर, गुड लेंग्थचा बॉल, तो पुढे येऊन बचाव करायला गेला. बॉल टप्प्यावरून ताडकन उठला आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर बसला. ग्लोव्ह काढला तेव्हा बोट वाकडं दिसत होतं. फ्रॅक्चर. त्याच्या आईला फोन मी केला. संध्याकाळी मॅट उचलली आणि तात्यांनी नेमकी ती जागा शोधली. मुरमाचा एक खडा, बोराएवढा, वर टोक काढून रुतलेला. मॅटवरून तो कोणालाच दिसला नव्हता, पायालाही लागला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खालची पट्टी नव्याने केली. वरचा चार बोटं थर उकरला, खडे वेचले, मुरूम चाळून टाकला, वर तांबडी माती, पाणी मारून रोलर. काळी माती टाकू नका, ती वाळली की भेगा पडतात आणि मॅटखाली भेग म्हणजे पुन्हा तीच गत. दोन रविवार सामने बंद ठेवले. जानेवारीपासून आमचा क्रम ठरला: शुक्रवारी पाणी, शनिवारी दुपारी रोलर, मग मॅट पसरायच्या आधी दोघांनी गुडघ्यावर बसून पूर्ण पट्टीवरून तळहात फिरवायचा. झाडू नाही, तळहात. झाडूने मोकळा खडा निघतो, रुतलेला तळहातालाच कळतो. या कामाला वीस मिनिटं लागतात. तो ओपनर, बोट बांधलेलं असताना, फेब्रुवारीत दर शनिवारी डाव्या हाताने हे काम करायला यायचा.

त्यानंतर मॅटवर जी उसळी मिळाली ती बघून वाटलं, हीच मॅट आपण डिसेंबरात नावं ठेवत होतो. मांडीच्या वर, कमरेच्या आत, टप्प्याला टप्पा. बॅकफूटवर कट आणि पुल मारायला पोरं शिकली ती या तीन-चार महिन्यांत.

आता ताणाबद्दल. मॅट नुसती अंथरली की तिला पोट येतं. एक टोक आधी खिळ्यांनी पक्कं करायचं, मग दुसऱ्या टोकाला सहा जणांनी धरून, टाचा रोवून मागे ओढायचं, आणि ताण सोडायच्या आत घण मारायचा. त्यानंतर बाजूचे खिळे, समोरासमोर, एकाच वेळी. एका बाजूचे सगळे आधी ठोकले की दुसऱ्या बाजूला सुरकुत्या जमतात. सुरकुतीवर पडलेला बॉल कुठे जाईल हे बॉलरलाही माहीत नसतं. ऊन चढलं की मॅट थोडी सैल पडते, म्हणून ड्रिंक्सच्या वेळी घण घेऊन एक फेरी मारायची सवय लावा.

आमचे खिळे 52 आहेत. प्रत्येक बाजूला 23, दोन्ही टोकांना तीन-तीन. संख्या मुद्दाम सांगतोय. एका सोमवारी पहाटे भरतीच्या एका मुलाच्या बुटातून आमचा विसरलेला खिळा घुसला. जखम खोल नव्हती, पण त्याची मैदानी चाचणी तोंडावर होती. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तेव्हापासून मॅट निघाल्यावर 52 खिळे मोजून डब्यात जातात आणि दोघे जण स्वतंत्रपणे मोजतात. एक कमी भरला तर अंधारात बॅटरी घेऊन शोधतो, सापडेपर्यंत घरी जात नाही.

लांबीबद्दल खरेदीआधी विचार करा. नियमाप्रमाणे कृत्रिम विकेट कमीत कमी 58 फूट लांब आणि 6 फूट रुंद चालते. दोन पॉपिंग क्रीजमधलं, म्हणजे दोन्ही स्टंपांपुढच्या रेघांमधलं, अंतर बरोबर 58 फूट भरतं, कारण स्टंप ते स्टंप 66 आणि दोन्हीकडचे चार-चार फूट वजा. 58 ची घेतली तर बॉलरचा पुढचा पाय जमिनीवर पडतो, मॅट कमी झिजते, पण क्रीजपाशीच कडा येते आणि बॅट्समन तिथे उभा असतो. 66 ची घेतली तर कडा स्टंपांपाशी जाते. मग बॉलरचा मागचा पाय मातीवर आणि पुढचा मॅटवर. आमच्या डावऱ्या फास्ट बॉलरचा मागचा पाय दोनदा कडेवर अडकला, एकदा तोंडावर पडला. आम्ही मॅटच्या दोन्ही टोकांना मातीचा भराव घालून पातळी एक केली, पण तो भराव दर पंधरा दिवसांनी नव्याने करावा लागतो. तरीही पुन्हा घ्यायची झाली तर 66 चीच घेईन, बॅट्समनच्या पायाखाली कडा नको.

झीज नेमकी कुठे होते? बॉलरचा पुढचा पाय जिथे आदळतो तिथे. सुरुवातीला तिथली लव जाते, मार्चपर्यंत विण दिसायला लागली, एप्रिलमध्ये एका टोकाला तळहाताएवढं भोक. दाभण आणि नायलॉनची सुतळी घेऊन जुन्या मॅटचं ठिगळ खालून लावलं. खालूनच लावा, वरून लावलं तर कडेला बुटाचं टोक अडकतं. मग मॅटची टोकं उलटसुलट करायला लागलो, म्हणजे एका रविवारी जे टोक पिंपळाच्या बाजूला, ते पुढच्या रविवारी शाळेच्या बाजूला. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. बाजूची शिवण जानेवारीतच उसवायला लागली. विक्रेत्याला फोन केला तर "काथ्यात एवढं चालतंच" म्हणाला. नाही चालत. एवढ्या पैशांच्या मालाला दोन महिन्यांत शिवण उसवते याचा अर्थ दोरा हलका वापरलाय. मॅट ताब्यात घेताना कडेचा दोरा ओढून बघा.

खिळेवाले स्पाइक्स घालून कोणालाही मॅटवर येऊ देऊ नका, पाहुण्या संघालाही नाही. आम्ही सामन्याआधी कॅप्टनला हात जोडून सांगतो, रबर स्टडच हवेत. एका संघाने ऐकलं नाही, आणि त्या एका दुपारी जितके धागे तुटले तितके आधीच्या महिन्याभरात तुटले नव्हते.

बॉलचं वेगळंच. काथ्यावर सीझन बॉलची चकाकी दहा-बारा षटकांत जाते, स्विंग संपतो. पण बॉलची शिवण मॅटच्या धाग्यांना धरते, आणि बोटं फिरवणाऱ्याला मॅट भरभरून देते. आमच्याकडे चाळिशीचे एक मास्तर आहेत, वेग काहीच नाही, पण लेग कटर असा पडतो की ऑफ स्टंपबाहेर जाताना बॅटची कड घेऊनच जातो. तागाच्या जुन्या मॅटवर त्यांना बॉलिंग मिळत नव्हती. यंदा सर्वांत जास्त विकेट्स त्यांच्या. हे मॅटचं जुनंच वैशिष्ट्य आहे. ऑक्टोबर 1952 मध्ये लखनौला तागाच्या मॅटवर कसोटी झाली, पाकिस्तानच्या फझल महमूदने 12 बळी घेतले आणि आपण डावाने हरलो. चार वर्षांनी कराचीत पुन्हा मॅट, पुन्हा फझल, या वेळी 13 बळी. ऑस्ट्रेलिया 80 वर आटोपली आणि 11 ऑक्टोबर 1956 या पहिल्या दिवशी दोन्ही संघांच्या मिळून 95 धावा झाल्या. मास्तरांना हे आकडे तोंडपाठ आहेत. आमच्या सुभाष गुप्तेंनी 1953 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर कसोट्यांत 27 बळी घेतले, त्यातल्या पोर्ट ऑफ स्पेनच्या दोन कसोट्या मॅटवर होत्या, हेही तेच सांगतात, आणि मग लेगस्पिन टाकणाऱ्या पोरांना जवळ बोलावून मनगट कसं ठेवायचं ते दाखवतात.

बॅटला मात्र त्रास आहे. स्टान्स घेताना बॅटचं टोक काथ्यावर घासून घासून खालचं लाकूड दोन महिन्यांत केसाळ होतं. टो-गार्ड, म्हणजे बॅटच्या टोकाचं संरक्षक आवरण, लावल्याशिवाय बॅट मॅटवर आणू नका. आणि धाव घेताना मॅटवर झेप टाकू नका. काथ्यावर कोपर खरवडलं की आठवडाभर शर्टाची बाही चिकटते. आमची पोरं आता मॅटच्या बाजूने, मातीवरून धावतात आणि बॅट लांब करून टेकवतात.

थंडीत दवाचा प्रश्न येतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर अंथरलेली मॅट सकाळी ओली मिळते. ओल्या काथ्यावरून बॉल घसरत येतो, खाली राहतो, आणि पहिली बॅटिंग करणाऱ्यावर अन्याय होतो. आम्ही शनिवारी रात्री वर ताडपत्री टाकायला लागलो आणि सामना साडेआठऐवजी साडेनवाला सुरू केला. ताडपत्री सकाळी सातलाच काढायची, नाहीतर खाली घाम धरतो. एप्रिलमध्ये वळिवाने एकदा गाठलं. भिजलेली मॅट उचलायला चारऐवजी आठ जण लागले, वाळायला तीन दिवस गेले. उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवली म्हणून वाचली. ओली गुंडाळली असती तर आतून कुजली असती.

आम्ही या सीझनला बरेच सामने खेळलो. रविवारचे, 30 षटकांचे. जानेवारीआधीचे आणि नंतरचे सामने वेगळे काढले तर खेळच वेगळा दिसतो. मॅट तीच होती.

पाच तारे देणार नाही, शिवणीमुळे एक कापतो. बाकी चार पूर्ण. दोन सीझन ती आरामात काढेल, ठिगळं लावत तिसराही. पण मॅटचे पैसे गोळा करताना खालच्या पट्टीसाठी वेगळे पाच-सहा हजार बाजूला काढा आणि ते आधी खर्च करा. आम्ही उलटं केलं, त्याची किंमत एका मुलाच्या बोटाने मोजली.

सध्या मॅट शाळेच्या जुन्या खोलीत आहे. बांबूवर गुंडाळलेली, विटांवर ठेवलेली, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे वाळवी भिंतीवरून चढणार नाही. घड्यांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलाय. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडीप बघून बाहेर काढायची, हे काम त्या ओपनरने मागून घेतलंय. बोट बरं आहे, मार्चपासून तो खेळतोय. खालच्या पट्टीवर पावसाचं पाणी साचू नये म्हणून तात्यांनी कालच दोन्ही बाजूंना चर खणले. दसऱ्याला पुन्हा मुरूम चाळायचा आहे.