मेंदूवर संशोधन: फळमाशी निवडावी की उंदीर?

मेंदूवर काम करायचं ठरलं की बरेच विद्यार्थी आधी प्रयोगशाळा निवडतात आणि तिथे जो प्राणी असेल तो आपला मानतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी प्रश्न ठरवा, मग प्राणी, मग प्रयोगशाळा. खरी ओढाताण बहुतेकदा फळमाशी आणि उंदीर यांच्यातच होते, म्हणून इथे भर त्या दोघांवर आहे.

आधी आकडे. उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी असतात, फळमाशीच्या मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार. एवढाच फरक पाहून माशी बाद करणारे भेटतात, पण माशीचं बळ याच लहानपणात आहे. तिचा मेंदू पूर्ण वाचता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका प्रौढ मादीच्या अख्ख्या मेंदूचा जोडणी-नकाशा, म्हणजे कनेक्टोम, प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले ५ कोटींहून जास्त सिनॅप्स, म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याच्या जागा. उंदराच्या बाबतीत २०२५ मध्ये दृष्टी-कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागाच्या) साधारण एक घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा आला. तेही प्रचंड काम आहे, पण त्या तुकड्यात येणाऱ्या कितीतरी चेतातंतू कुठून निघाले हे त्यातून कळत नाही, कारण त्यांची दुसरी टोकं तुकड्याबाहेर आहेत.

रोजच्या कामात याचा अर्थ काय? समजा, माशीला एखाद्या वासापासून दूर वळवणारी चेतापेशी अमुक एक असावी, असा तुम्हाला संशय आहे. तिला कोण संदेश देतं, ती कोणाला देते, हे नकाशात त्याच दिवशी पाहता येतं. नेमक्या त्या पेशीत जनुक चालू करणारा माश्यांचा वाण बहुधा आधीच तयार असतो आणि तो असे वाण सांभाळणाऱ्या स्टॉक सेंटरकडून काचेच्या नळीत टपालाने येतो. १९९३ साली आलेल्या गॅल४-यूएएस पद्धतीची ही किमया आहे. एका वाणात जनुक 'कुठे' चालू होणार हे ठरतं, दुसऱ्यात 'काय' चालू होणार हे ठरतं, आणि दोघांचा संकर केला की पुढच्या पिढीत दोन्ही एकत्र येतं.

'शिबिरे' हे जनुक घ्या. त्याचं एक उत्परिवर्तन असं आहे की तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की सिनॅप्समधून संदेश जाणं थांबतं. ते शरीरभर असलेल्या माश्या कोमट नळीत टाकल्या की बघता बघता तळाशी कोसळतात, आणि नळी थंड केली की काही मिनिटांत उठून चालू लागतात. आता हेच बदललेलं जनुक फक्त तुमच्या संशयित पेशीत घाला. बाकी माशी धडधाकट, तेवढी एक पेशी गप्प. वर्तन बदललं तर तुमचा संशय बळावला. शिवाय माशीत कितीतरी पेशी वेगळ्या ओळखता येतात: आज एका माशीत पाहिलेली पेशी उद्या दुसऱ्या माशीतही त्याच जागी, त्याच आकाराची सापडते. उंदरातही ठरावीक पेशींतच जनुक बदलणारी क्री-लॉक्स पद्धत, जनुक वाहून नेणारे विषाणू आणि प्रकाशाने पेशी चालू-बंद करणं हे सगळं आहे, पण तिथे पकड सहसा पेशींच्या एका प्रकारावर बसते, एकेका पेशीवर क्वचितच.

वेळेचा हिशेब तर सरळ आहे. २५ अंशांना अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला दहाएक दिवस लागतात. उंदराची गर्भधारणा सुमारे तीन आठवड्यांची आणि वयात यायला आणखी सहा ते आठ आठवडे. तीन जनुकीय बदल एकाच प्राण्यात आणायचे तर माशीत काही आठवडे पुरतात, उंदरात वर्ष सहज जातं.

मात्र माशीचं काम हलकं आहे अशा समजुतीने येऊ नका. संकरासाठी कुमारी माद्या लागतात. कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तास मादी समागम करत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ नळ्या रिकाम्या करून, कार्बन डायऑक्साइडने माश्या बेशुद्ध करून, सूक्ष्मदर्शकाखाली नुकत्याच बाहेर आलेल्या माशीच्या पोटात दिसणारा गडद ठिपका शोधत बसावं लागतं. गोलकृमी गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात, उंदरांचे भ्रूण गोठवता येतात. माश्यांचे वाण मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी जिवंतच सांभाळतात, दर काही आठवड्यांनी नव्या खाद्यावर हलवत. सुट्टीत हे विसरलं तर वाण हातचा जातो.

उंदराचं पारडं कुठे जड आहे तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. माशीला कॉर्टेक्स नाही, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस नाही, आणि सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंवर असतं तसं मायलिनचं आवरणही नाही. तिच्या मेंदूत उत्तेजक संदेशाचं मुख्य रसायन ॲसिटिलकोलिन आहे, आपल्या आणि उंदराच्या मेंदूत ग्लुटामेट. औषधाची मात्रा, मायलिन झिजवणारे आजार, कॉर्टेक्सच्या थरांचं गणित असा तुमचा प्रश्न असेल तर उंदीरच घ्या, माशीच्या वेगाचा मोह धरू नका. मोकळ्या फिरणाऱ्या प्राण्याच्या शेकडो चेतापेशींचे विद्युत-संकेत एकाच वेळी टिपायचे असतील तरी तेच. माशीच्या पेशी इतक्या लहान आहेत की एकीवर इलेक्ट्रोड टेकवणं हीच वेगळी कला आहे.

'माशीवरून माणसाचं काय कळणार?' ही शंका मात्र मला पटत नाही. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना अशा माश्या सापडल्या ज्यांचं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलं होतं. त्यातून 'पीरियड' हे जनुक हाती लागलं. २००१ मध्ये, संध्याकाळीच झोप अनावर होणाऱ्या एका कुटुंबात याच जनुकाच्या माणसातल्या एका आवृत्तीत बदल आढळला, आणि २०१७ चं नोबेल माशीतल्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना मिळालं. २०१५ मध्ये हवेवर तरंगणाऱ्या चेंडूवर माशीला चालवून तिच्या मेंदूत पाहिलं, तेव्हा मध्यभागी पेशींच्या वर्तुळात उजळलेला एक पट्टा ती वळेल तसा सरकताना दिसला. ते तिचं होकायंत्र. दिशा सांगणाऱ्या पेशी उंदरातही आहेत, पण वर्तुळ असं डोळ्यांना दिसतं ते माशीत.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचा जवळजवळ अख्खा मेंदू जिवंतपणी एकदम पाहायचा असेल तर झेब्राफिशची पारदर्शक अळी या दोघांनाही मागे टाकते.

माशी निवडत असाल तर नकाशाची मर्यादाही माहीत असू द्या. तो एका मादीचा आहे. दूरवर झिरपणारी न्यूरोपेप्टाइड्स ही संदेशवाहक रसायनं त्यात दिसत नाहीत आणि पेशींमधले विद्युत-सांधेही नाहीत. भूक लागल्यावर तीच जोडणी वेगळी का वागते याचं उत्तर प्रयोगानेच मिळतं. म्हणून माशीच्या प्रयोगशाळेत जाण्याआधी विचारा की जिवंत मेंदूतली हालचाल पाहण्याची सोय तिथे आहे का आणि ती शिकवणारं कोणी आहे का. उंदराच्या प्रयोगशाळेत विचारा की तुम्हाला हवा तो वाण आज पिंजऱ्यात आहे का, नैतिकता समितीची परवानगी झाली आहे का, आणि पहिला प्रयोग कोणत्या महिन्यात होईल.