वारीच्या वाटेवर: लायका एम६ की हॅसलब्लाड ५००सी/एम?

आळंदी ते पंढरपूर पालखीसोबत पायी चालत छायाचित्रे टिपायची असतील, तर या दोन फिल्म कॅमेऱ्यांतला फरक आधी खांद्यालाच कळतो. लायकाच्या एका रोलवर ३६ छायाचित्रे मिळतात. हॅसलब्लाडमध्ये १२ झाली की, भर पावसातही, रोल बदलावा लागतो, शिवाय वरून पाहायच्या त्याच्या काचेत डावे-उजवे उलटे दिसत असल्याने रिंगणात धावणाऱ्या अश्वाचा माग ठेवणे जिकिरीचे होते. मात्र मुक्कामी विसावलेल्या वारकऱ्याचे व्यक्तिचित्र घ्यायचे झाल्यास हॅसलब्लाडची, लायकाच्या साडेतीन पटींहून मोठी निगेटिव्ह कपाळावरच्या बुक्क्याचा कणन्‌कण राखते, आणि मान खाली घातलेल्या छायाचित्रकारासमोर माणूस सहसा अवघडत नाही. बॅटरी संपल्यास लायकाचा केवळ प्रकाशमापक थांबतो. हॅसलब्लाडला ती लागतच नाही. तरीही एकच न्यायचा असेल, तर मी लायका नेईन.