आठ महिने ऑनलाइन डॉक्टर वापरल्यावर: चिठ्ठी कुठे चालते, कुठे अडते

हा आढावा आठ महिन्यांच्या वापरावरचा आहे. वापर मुख्यतः रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइडच्या चालू गोळ्यांसाठी, अधूनमधून त्वचेच्या तक्रारींसाठी. दोन खासगी अ‍ॅप, सरकारी ई-संजीवनी आणि नेहमीच्या डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल असे चार मार्ग यात आले. निदान झालेल्या जुन्या आजाराच्या गोळ्या पुढे चालू ठेवायला ही सोय फार चांगली आहे. नवं दुखणं असेल तर तिला मर्यादा आहेत. आणि ज्या अ‍ॅपवर आधी गोळ्या कार्टमध्ये टाकायच्या व मग डॉक्टरांचा फोन येतो, तिथल्या चिठ्ठीवर विसंबू नये.

सगळे विचारतात तो प्रश्न आधी घेऊ: ही चिठ्ठी कायदेशीर आहे का? हो. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडली गेली. त्यामुळे नोंदणीकृत डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर किंवा चॅटवर तपासून औषध लिहून देऊ शकतो. पण कोणतं औषध कोणत्या पद्धतीने द्यायचं, याला बंधन आहे आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

औषधांचे चार गट केले आहेत. ‘ओ’ यादीत पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या वगैरे येतात. ती चॅटवरूनसुद्धा सुचवता येतात. ‘ए’ यादीतली औषधं पहिल्याच भेटीत द्यायची तर भेट व्हिडिओवर झाली पाहिजे. त्वचेची मलमं, डोळ्यांचे आणि कानाचे थेंब इथे येतात. रक्तदाबाची एनालाप्रिल, अ‍ॅटेनोलॉल, मधुमेहाची मेटफॉर्मिन अशी चालू औषधं पुन्हा लिहून देणंही याच यादीत आहे. ‘बी’ यादी फक्त फेरभेटीसाठी आहे. त्याच आजारासाठी आधी प्रत्यक्ष तपासलेलं असेल, तर चालू औषधाच्या जोडीला दुसरं देता येतं. उदाहरणार्थ मेटफॉर्मिनच्या जोडीला सिटाग्लिप्टिन. चौथा गट पूर्ण बंदीचा. शेड्यूल एक्समधली (औषध नियमांतली कडक नियंत्रणाची यादी) आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात येणारी औषधं ऑनलाइन तपासणीवर लिहून देता येत नाहीत. झोपेसाठी झोल्पिडेम किंवा दुखण्यावर ट्रामाडॉल कोणी फोनवर लिहून देत असेल, तर ती तुमच्यावर केलेली मेहेरबानी समजू नका. तो डॉक्टर नियम मोडतो आहे.

आता यातला कळीचा मुद्दा. ‘फेरभेट’ कशाला म्हणायचं? त्याच डॉक्टरने, त्याच आजारासाठी, मागच्या ६ महिन्यांत प्रत्यक्ष तपासलं असेल तरच. अ‍ॅपवर दर वेळी वेगळा डॉक्टर मिळतो. तुमचा मधुमेह दहा वर्षांचा का असेना, नियमानुसार ती दर वेळी पहिलीच भेट. म्हणजे नुसत्या ऑडिओ कॉलवर अनोळखी डॉक्टरने तुमचा डोस वाढवला किंवा नवी गोळी जोडली, तर ती चिठ्ठी नियमाबाहेरची आहे, मग पीडीएफ कितीही देखणी असो. आठ महिन्यांत सर्वांत चोख चाललेली व्यवस्था यातूनच सापडली: आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सहा महिन्यांतून एकदा समोर भेटायचं आणि मधल्या भेटी ऑनलाइन करायच्या. त्यांनी सहीची चिठ्ठी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी चालते. फोटो, स्कॅन आणि ई-प्रिस्क्रिप्शन तिन्ही मान्य आहेत. ‘अमुक गोळी एक महिना चालू ठेवा’ असा टाइप केलेला मेसेज मात्र चिठ्ठी होत नाही.

कार्ट आधी, डॉक्टर नंतर ही पद्धत का खटकते ते नीट सांगायला हवं. अशा कॉलमध्ये डॉक्टरच्या समोर तुमची तक्रार नसते, तुमची ऑर्डर असते. प्रश्न दोन-तीनच: ही औषधं आधीपासून घेता का, काही अ‍ॅलर्जी आहे का, मग चिठ्ठी तयार. निदानाच्या जागी बहुधा काहीच नसतं. निदान किंवा किमान तात्पुरतं निदान न करता औषध लिहिणं हे याच तत्त्वांनुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. त्यामुळे चिठ्ठी आली की पहिली नजर निदानाच्या रकान्यावर टाका. तो रिकामा असेल तर डॉक्टरकडून भरून घ्या. भरून मिळत नसेल तर ते अ‍ॅप सोडा.

बाकी चिठ्ठीवर काय हवं? डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता, संपर्क आणि तारीख. तुमचं नाव, वय, लिंग, पत्ता. तक्रार आणि तपासण्यांचे आकडे. औषधाचं जेनेरिक नाव मोठ्या अक्षरांत, गोळी की सिरप, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस. खाली सही. नोंदणी क्रमांक असला म्हणून संपलं नाही. तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या डॉक्टरांच्या यादीत टाकून पाहा. क्रमांक राज्यवार दिलेले असतात, म्हणून क्रमांकाबरोबर राज्याच्या वैद्यकीय कौन्सिलचं नाव जुळतं का तेही बघा; एकच आकडा दोन राज्यांत दोन वेगळ्या डॉक्टरांचा असू शकतो. महाराष्ट्रात नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, हेही ध्यानात असू द्या. अ‍ॅपने डॉक्टरचं नाव, पदवी आणि क्रमांक कॉलच्या आधीच दाखवायला हवा. कॉल संपल्यावरच डॉक्टर कोण ते कळत असेल, तर ती खोट अ‍ॅपची आहे. आणि लक्षणं विचारून चॅटबॉटच परस्पर औषध सांगत असेल, तर तेही नियमात बसत नाही. डॉक्टरच्या मदतीला तंत्रज्ञान चालतं, औषध डॉक्टरनेच लिहायचं.

मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठी अडते त्याची कारणं बहुतेक साधी असतात. औषध नियमांनुसार चिठ्ठीवर डोस आणि एकूण किती औषध द्यायचं हे दोन्ही हवं. ‘१-०-१ चालू ठेवा’ एवढंच लिहिलं असेल तर केमिस्ट गोळ्यांचा एक पत्ता (स्ट्रिप) देऊन मोकळा होतो. चिठ्ठीवर पुन्हा देण्याची सूचना नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. म्हणून दीर्घ आजारासाठी डॉक्टरला स्पष्ट लिहायला सांगा: ३० दिवसांचं औषध, दर महिन्याला, एकूण ३ वेळा. एवढ्या एका ओळीने दोन जादा कॉलचे पैसे वाचतात.

दुसरी अडचण नावांची, आणि ही धोक्याची आहे. ब्रँडच्या नावामागे लागणारं एखादं अक्षर औषध बदलून टाकतं. रक्तदाबाचं टेल्मिसार्टन ४० वेगळं, त्याच ब्रँडमागे ‘एएम’ आलं की सोबत रक्तदाबाचंच दुसरं औषध अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ आलं की लघवीचं औषध हायड्रोक्लोरोथायझाइड. मेटफॉर्मिन साधं आणि ‘एसआर’ म्हणजे हळूहळू सुटणारं, हे दोन वेगळे प्रकार. हळूहळू सुटणारी गोळी कुटून किंवा चावून खायची नाही. अ‍ॅपवर डॉक्टर यादीतून औषध निवडतो आणि एका ओळीच्या फरकाने चुकीचा प्रकार निवडला जातो. थायरॉक्सिनचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. २५, ५०, ७५ या डब्या दिसायला सारख्याच. कॉल संपायच्या आत आपल्या जुन्या गोळ्यांच्या पत्त्याचा फोटो समोर धरा आणि रासायनिक नाव, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम आणि मागचं अक्षर, तिन्ही ताडून पाहा. घरी डबा आल्यावर हेच पुन्हा करा. केमिस्टने ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरं दिलं, तर त्याचंही घटकाचं नाव वाचूनच घ्या.

घरपोच औषधाबद्दल कायदा अजून घट्ट बसलेला नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला अंतरिम मनाई केली. पुढे कोरोनाकाळात, २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने परवानाधारक दुकानांना घरपोच औषध द्यायची मुभा मिळाली, पण अटींसह: ग्राहक त्याच किंवा लगतच्या महसुली जिल्ह्यातला असावा, दीर्घ आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आत आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आत सादर व्हावी, आणि शेड्यूल एच१ (विक्रीची नोंद ठेवावी लागणारी यादी) व एक्समधली औषधं यातून वगळलेली. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स एच१ मधली आहेत. औषधाच्या पत्त्यावर लाल चौकटीतली सूचना आणि लाल आरएक्स दिसतं तीच ही. ती दुकानात जाऊन घ्यावीत, केमिस्ट रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि रुग्णाचं नाव लिहितो, ते लिहू द्यावं. घरपोच आलेल्या पार्सलचं बिल फेकू नका. त्यावर दुकानाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत असते. परवाना क्रमांक नसलेलं बिल म्हणजे औषध कुठून आलं याचा काहीच पत्ता नाही.

आणखी एक गोष्ट अ‍ॅपवाले सांगत नाहीत. चिठ्ठी तुमची आहे. ती परस्पर औषधदुकानाला पाठवायला तुमची स्पष्ट संमती लागते आणि औषध कुठल्याही दुकानातून घ्यायचा हक्क तुमचाच. ‘आमच्याकडूनच ऑर्डर केली तर चिठ्ठी डाउनलोड होईल’ असं दिसलं तर तिथेच थांबा.

कॉल चांगला व्हायचा तर अर्धी तयारी आपली असते. रक्तदाबासाठी एक आकडा कामाचा नाही. सलग ७ दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, दंडाचा पट्टा छातीच्या उंचीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी द्या. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यावर रक्तदाब खोटा जास्त दिसतो. मधुमेहाला तीन महिन्यांच्या आतलं एचबीएवनसी (सरासरी साखरेची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) हवं; मूत्रपिंडाचं काम फार खालावलं असेल तर मेटफॉर्मिन चालत नाही, आणि हे फोनवरून दिसत नाही. थायरॉइडचा डोस बदलल्यावर टीएसएच ही रक्ततपासणी ६ ते ८ आठवड्यांनीच करावी, त्याआधीचा आकडा दिशाभूल करतो. त्वचेसाठी दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा: एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, आणि एक लांबून, शरीराचा कुठला भाग ते कळेल असा. ब्युटी फिल्टर बंद ठेवा. फोनचे आपोआप गोरं करणारे कॅमेरे पुरळाचा लालपणा पुसून टाकतात.

ई-संजीवनी फुकट आहे आणि चिठ्ठी नीट येते. मोबाइल क्रमांक, ओटीपी, रुग्णाची माहिती, जुने रिपोर्ट अपलोड, मग टोकन. रांग लांब असली तर थांबावं लागतं आणि डॉक्टर निवडता येत नाही. ज्यांना दर महिन्याला बसभाडं खर्चून तालुक्याला जाणं परवडत नाही, त्यांनी ही जरूर वापरावी. आईवडिलांच्या फोनवर एकदा बसवून, पहिला कॉल शेजारी बसून करून द्या.

छातीत दुखणं, श्वास लागणं, एका बाजूचा जोर जाणं, लहान बाळाचा ताप, गरोदरपणातला रक्तस्राव यात अ‍ॅप उघडूच नका. डॉक्टर प्रामाणिक असेल तर तो तुम्हाला प्रथमोपचार सांगून रुग्णालयात पाठवेल, त्यापलीकडे त्याला करता येण्यासारखं काही नाही. गर्भपाताच्या गोळ्या ऑनलाइन घेणं बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जिवावर बेतू शकतं. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइनही नुसत्या फोटोवर सुरू करू नये. गर्भात व्यंग होतं, म्हणून आधी रक्ततपासणी आणि स्त्रियांची गर्भधारणा-चाचणी लागते. वजनाच्या इंजेक्शनांची सध्या जी लाट आहे त्यातही हेच. त्यातलं टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. आठवड्याला २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून निदान चार आठवड्यांनीच डोस वाढवायचा असतो. घरात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग किंवा स्वतःला स्वादुपिंडाची सूज झाली होती का, हे न विचारता कोणी लिहून देत असेल तर घेऊ नका. शिवाय ही इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानात यावी लागतात. मे महिन्यात नागपूरला ती साध्या पार्सलमधून आली, तर डबा उघडण्याआधी परत करा.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. आपली टेलिमेडिसिनची तत्त्वं भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत. पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून धीर जरूर मिळवा, पण त्यांची चिठ्ठी न्यू जर्सीच्या फार्मसीत चालणार नाही.

फीची पावती नेहमी मागा, ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. जून २०२० मध्ये विमा नियामकाने टेलिमेडिसिनचा खर्च पॉलिसीच्या अटींनुसार मान्य करायला कंपन्यांना सांगितलं. ओपीडीचं कव्हर असेल तर पावती आणि चिठ्ठी दोन्ही लागतात. आणि कॉल ठरवायचा तो गोळ्या संपायच्या दिवशी नव्हे. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या असताना ठरवा: दोन दिवस तपासणीचे, एक कॉलचा, दोन-तीन औषध यायला, आणि चुकीचा डबा आलाच तर तो बदलून घ्यायला उरलेले चार.