खुब्याच्या बॉलला इन्फेक्शन झालं, आता ऑपरेशन एकदाच का दोनदा?

बॉल बदलल्यावर आत इन्फेक्शन झालंय हे पक्कं झालं आणि सर्जननी सांगितलं की सगळं काढून नवीन बसवावं लागंल, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, सिंगल स्टेज (एकाच ऑपरेशनात) करायचं का टू स्टेज (दोन ऑपरेशनात). माझ्या डाव्या खुब्याचं सिंगल स्टेज झालं, आमच्या दाजींचं टू स्टेज झालं, त्यामुळं ओळखीतले लोक मलाच विचारायलेत, तर एकदा सगळं लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

एक गोष्ट आधी. बॉल बसवून महिनाभर पण झाला नसंल आणि जखम वाहायली असंल, किंवा दुखणं-सूज सुरू होऊन तीन आठवड्याच्या आत असाल तर या दोन्हीच्या अलीकडं अजून एक रस्ता असतो, सांधा उघडून धुवायचा, वरचा बॉल आणि वाटीतलं लायनर म्हणजे आतलं अस्तर बदलायचं आणि हाडात बसलेला भाग तसाच ठेवायचा. पण हा रस्ता दिवस मोजून बंद होतो, जंतूंनी धातूवर चिकट थर धरला की नुसत्या धुण्यानं आणि गोळ्यांनी ते हटत नाहीत. म्हणून जखम वाहायली की 'बघू पंचमी झाल्यावर' असं करू नका.

उशीर झाला असंल तर मग वरचे दोनच. टू स्टेजला सगळं काढून जागेवर अँटिबायोटिक मिसळलेल्या बोन सिमेंटचा स्पेसर बसवतात, काही आठवडे औषध चालतं, रिपोर्ट चांगले आले की दुसऱ्या ऑपरेशनला नवीन सांधा. सिंगल स्टेजला हे सगळं एकाच भुलीत, जुनं काढून खराब मांस खरवडून झालं की सगळ्या टीमनं गाऊन-ग्लोव्हज बदलायचे, अवजारांचा नवीन सेट उघडायचा आणि मगच नवीन सांधा. ही पद्धत काही कालची नाही, जर्मनीत हॅम्बुर्गला बुखहोल्झ यांनी 1970 च्या दशकातच सिमेंटमध्ये जेंटामायसिन घालून असं करायला सुरुवात केली होती. तरी आपल्याकडं बरेच सर्जन टू स्टेजच सुचवतात आणि त्यांची कारणं आहेत, ती पुढं येतीलच.

कागदावर बघाल तर फार फरक नाही. इंग्लंडच्या ब्रिस्टलमधल्या टीमनं खुब्याच्या 140 पेशंटांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तुलना केली, 2022 ला छापून आली, 18 महिन्यांनी दोन्ही गटांचं दुखणं-चालणं जवळपास सारखंच निघालं, पण 3 महिन्यांनी सिंगल स्टेजवाले जास्त बरे होते.

आता हे 3 महिने कागदावर एक ओळ आहे हो, घरात ते काय असतं ते मी दाजींच्या इथं बघितलं. माझा सगळा निर्णय तिथंच झाला म्हटलं तरी चालंल. स्पेसर म्हणजे कामचलाऊ वस्तू, त्याच्यावर पूर्ण वजन टाकायचं नाही, पाय आखूड झालेला, वॉकर घेऊन फक्त टेकवत चालायचं. उदगीरकडचं जुनं घर, दर खोलीला उंबरा, संडास अंगणाच्या पलीकडं आणि तोही खाली बसायचा. कमोडची खुर्ची आणली तर ती ठेवायला माजघराशिवाय जागा नाही, म्हणजे माणसाला चारचौघात लाज. आक्का रात्री उठून त्यांना बसवायची, सकाळी सोयाबीन काढायला बाया लावलेल्या, त्यांच्या मागं जावं का घरात थांबावं तिलाच कळंना. आणि मग एका रात्री कुशीवर वळताना तो स्पेसर निसटला. पाय आतल्या बाजूला फिरलेला, माणूस ओरडायलाय, गाडीची मागची सीट आडवी करून गादी टाकून लातूर गाठलं. स्पेसर निसटणं किंवा मोडणं हे होऊ शकतं असं डॉक्टर आधी सांगतात पण आपण ऐकून सोडून देतो. वर सीआरपी (इन्फेक्शन-सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) खाली येईना म्हणून दुसऱ्या ऑपरेशनची तारीख पुढं पुढं सरकत गेली. काही पेशंट तर दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोचतच नाहीत, ज्यांचं वय झालंय, शुगर आहे, हार्टचं आहे त्यांनी हे जरूर धरून चालावं.

पण दाजींना टू स्टेजच करावं लागलं आणि ते बरोबरच होतं, हे पण सांगितलं पाहिजे. सिंगल स्टेज करायचं तर जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे बहुतेक सर्जनना आधीच हातात पाहिजे असतं, कारण त्याच हिशोबानं सिमेंटमध्ये औषध घालायचं असतं. दाजींना जखम ओली दिसली तसं एका ठिकाणी सॅम्पल न घेताच अँटिबायोटिक सुरू केलं, ते बरेच दिवस चाललं, पुढं कल्चर केलं, म्हणजे लॅबमध्ये सॅम्पलमधले जंतू वाढवून बघितले, तर 'नो ग्रोथ', काहीच वाढलं नाही. इन्फेक्शन तर आहे पण जंतूचा पत्ता नाही. शिवाय कातडीतून पू यायची वाट झालेली आणि हाड पण बरंच खाल्लेलं. जंतू औषधाला दाद देत नसंल, बुरशी असंल, पेशंटच्या रक्तात इन्फेक्शन पसरलं असंल तरी टू स्टेजच बरं म्हणतात.

म्हणून माझ्या मते खरी धडपड सॅम्पलसाठी करा. माझं ठणकत होतं, एक्सरे साफ, ईएसआर-सीआरपी (दोन्ही सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) थोडंच वाढलेलं, दोन डॉक्टर म्हणाले कंबरेचं दुखणं आहे. तिसऱ्यांनी सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या दोन आठवडे बंद ठेवायला लावल्या आणि मग थिएटरमध्ये स्क्रीनवर बघत लांब सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं. दुधात हळद टाकल्यासारखं गढूळ पाणी, त्यातलं थोडं पेशी मोजायला आणि बाकीचं कल्चरच्या बाटलीत लगेच तिथंच टाकलं. पाण्यात पांढऱ्या पेशी 3000 च्या वर आणि त्यात पॉलिमॉर्फ (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) 80 टक्क्यांच्या वर असतील तर संशय बळावतो, माझ्या दोन्ही लईच वर होत्या. कल्चर 14 दिवस ठेवा असं आवर्जून सांगा, काही जंतू सावकाश वाढतात आणि लॅबवाले लवकर रिपोर्ट देऊन टाकतात. ऑपरेशनवेळी पण मांसाचे पाचेक तुकडे वेगवेगळ्या जागचे पाठवतात, दोनात तोच जंतू आला की पक्कं. आपल्याकडं टीबीची तपासणी त्यातच करून घ्यावी.

माझ्यात साधा स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू निघाला, औषधं लागू पडणारी होती, कातडी-हाड ठीक होतं, म्हणून सिंगल स्टेज मिळालं. ऑपरेशन लांबलचक झालं, भूल जास्त वेळ, रक्त पण चढवावं लागलं, ते गृहीत धरा. उंबरा मात्र लवकर ओलांडला. नंतर दुसऱ्या गोळीसोबत रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक होतं, लघवी केशरी होते, घाबरू नका, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, एकमेकात गडबड होते. सहा आठवडे शिरेतूनच औषध पाहिजे का हे पण विचारा, 2019 च्या इंग्लंडमधल्या हजारावर पेशंटांच्या अभ्यासात हाडा-सांध्याच्या इन्फेक्शनला योग्य गोळ्या तेवढ्याच चालल्या, आणि गावात रोज सलाईन लावायला माणूस शोधणं सोपं नाही. एकूण औषध मात्र लवकर बंद करू नका, फ्रान्सच्या 2021 च्या तुलनेत 6 आठवड्यांपेक्षा 12 आठवडेवाल्यांचं इन्फेक्शन कमी उलटलं.

दाजी आता काठी घेऊन शेतात जातात, म्हणजे टू स्टेज वाईट असं माझं म्हणणं नाही. पण जंतू सापडलेला असंल, कातडी बरी असंल, तर सर्जनला सिंगल स्टेजचं सरळ विचारा, ते करत नसतील तर कोण करतं ते विचारा, मग पुणे-हैदराबाद गाठावं लागलं तरी एकदाच जावं लागतं. सरकारी आरोग्य योजनेत बसवायचं असंल तर दोन्ही ऑपरेशनचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. आणि पहिल्या ऑपरेशनची फाईल शोधा, त्यात इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात, कंपनी आणि साईज त्यावरूनच कळते आणि जुनं काढायची अवजारं त्या हिशोबानं मागवावी लागतात.