पहिलं परीक्षण कशाचं: ‘शाळा’ की ‘वनवास’?

माझ्या नववीतल्या भाचीनं सुट्टीत स्वतःशीच पैज लावली. बारा पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर वहीत दोन पानं परीक्षण लिहायचं. अट एकच, पुस्तकातली मुलं तिच्या वयाच्या आगेमागे हवीत. इंग्रजीत अशा पुस्तकांचं वेगळं कपाट असतं. आपल्याकडे ‘फास्टर फेणे’ संपला की पोरं थेट मोठ्यांच्या कपाटापाशी जाऊन उभी राहतात. तिथं हमखास हाताला लागतात ती मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आणि प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. खरं तर दोन्ही पुस्तकं मोठ्यांसाठीच लिहिलेली. “मावशी, आधी कुठलं घेऊ?” या प्रश्नाला मी तेव्हा पटकन ‘शाळा’ म्हणून मोकळी झाले. आज विचारलं तर उत्तर थोडं लांबेल.

‘शाळा’ (2004) वाचायला सोपी, यात वादच नाही. नववीचं वर्ष, आणीबाणीचा काळ, अर्धवट बांधलेल्या इमारतीत अड्डा टाकून बसणारी चार पोरं, आणि मुकुंदाला आवडणारी शिरोडकर. सगळं मुकुंदाच्याच तोंडून येतं, तेही वर्गात मागच्या बाकावर चालतं तशा भाषेत. भाचीनं तीन दिवसांत फडशा पाडला. पुस्तकात शिव्या आहेत, पोरींबद्दलच्या चावट गप्पा आहेत. ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. माझं मत विचाराल तर नववीतल्या मुलांना त्यात नवीन असं काही नसतं, घाबरतो ते आपणच.

अडचण आली ती लिहिताना. दोन पानांतलं पावणेदोन पान नुसती गोष्ट. मग हा असं म्हणाला, मग ती तशी निघाली, मग सर आले. शेवटी ‘मला हे पुस्तक खूप आवडले’. तिचा दोष नाही. ‘शाळा’ची गोष्टच अशी ओढून नेते की थांबून बघायला सवड होत नाही. मात्र दुसऱ्या पानावर एक जागा खोडरबरानं खरडून कागद पातळ झाला होता. उजेडात धरलं तर खाली ‘प्रेम’ दिसत होतं, वर लिहिलं होतं ‘लाइन’. विचारलं तर म्हणाली, “त्या पोरांच्या तोंडात प्रेम शब्द शोभतच नाही.” म्हटलं, अगं, हेच लिही की! परीक्षण तेवढंच होतं आणि ते नेमकं खोडरबराखाली गेलं होतं.

‘वनवास’ (1994) याच्या अगदी उलट. आधी सांगून ठेवते, ही कादंबरी नाही. लंपन नावाच्या मुलाच्या दीर्घ कथा आहेत. आई-वडिलांपासून लांब, कानडी मुलखाच्या कडेला आजी-आजोबांकडे तो राहतो. भाषेवरही त्या भागाची छाया आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या पोरांना सुरुवातीला ठेच लागते. भाचीनं दोनदा पुस्तक पालथं ठेवलं. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले आणि तिला मोठ्यानं वाचायला लावलं. लंपनचं ते ‘मॅडसारखं’ कानावर पडलं आणि पोरगी हसायला लागली. त्या दिवसापासून आमच्या घरात पाऊसही मॅडसारखा पडतो.

परीक्षणासाठी मात्र हे पुस्तक सोनं. सांगायला गोष्ट फारशी नाहीच, त्यामुळे पानं भरायची तर बघावंच लागतं. लंपन कशाकडे किती वेळ टक लावून बसतो, त्याला आईची आठवण नेमकी कधी येते, सुमीसमोर त्याची बोबडी का वळते. भाचीनं दोन पानं भरायला चार दिवस घेतले, पण त्यात ‘खूप आवडले’ हे वाक्य नव्हतं.

म्हणून आता कुणी विचारलं तर सांगते: मराठी वाचनाची सवय सुटलेली असेल, किंवा मूल इंग्रजी माध्यमातलं असून पहिल्याच पुस्तकाला कंटाळून पैज सोडेल अशी धास्ती असेल, तर ‘शाळा’ घ्या. गोष्ट चार ओळींत संपवून उरलेल्या जागेत एकाच प्रसंगाबद्दल लिहायचं, एवढी अट तेवढी घाला. ‘शाळा’वरचा सिनेमा मात्र परीक्षण लिहून झाल्यावरच दाखवा, नाहीतर शिरोडकर वहीत पडद्यावरचीच उतरते. मूल बऱ्यापैकी वाचणारं असेल तर ‘वनवास’नं सुरुवात करा. सगळं पुस्तक नको, एकच कथा, तीही मोठ्यानं. एकाच कथेवर दोन पानं लिहिली तरी पुष्कळ.

‘वनवास’चा आणखी एक फायदा भाचीनं शोधून काढला. लंपनची पुढं ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशी आणखी तीन पुस्तकं आहेत. म्हणजे बारातली चार एका झटक्यात, असा तिचा हिशेब. मुलगा एकच, तेव्हा पुस्तकही एकच धरायचं, असा माझा. सध्या तिसरं चालू आहे आणि भांडणही.